पेट्रोलची वाफ आणि तिची झडप

मोटारीमुळे हवा बिघडते असे म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे प्रथम येते ती गाडीमागची नळी आणि तिच्यातून निघणारा धूर. ही समजूत चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, चावी मालकाच्या खिशात आहे, आणि तरीही ती गाडी हवा बिघडवीत आहे, असे घडू शकते. आपल्या व्याख्यानमालेचे दिवस चैत्र-वैशाखातले. दिवसभर उन्हात तापलेल्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना पेट्रोलचा दर्प आपणांपैकी पुष्कळांना जाणवला असेल. तो धूर नव्हे. ती टाकीतल्या पेट्रोलची वाफ होय. ही वाफ साठवून ठेवण्याची आणि मग इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था आजच्या पेट्रोल गाड्यांत असते, आणि त्या व्यवस्थेच्या नाक्यावर एक लहानशी झडप असते. गॅरेजमध्ये तिला ‘पर्ज व्हॉल्व्ह’ म्हणतात. ती नीट चालते की नाही हे कसे पारखावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

विषय मेकॅनिकच्या अखत्यारीतला आहे, त्याचे नागरिकांस काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ह्या झडपेचा एक बिघाड असा आहे की त्याचा त्रास मालकाला मुळीच होत नाही. तो होतो शेजाऱ्यापाजाऱ्यांना. ज्या बिघाडाची झळ मालकाला लागत नाही तो आपोआप दुरुस्त होण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. तो कोणीतरी मुद्दाम शोधावाच लागतो.

ह्या वाफेकडे जगाचे लक्ष गेले ते अमेरिकेतील लॉस अँजेलिस शहरामुळे. १९४०-५० च्या दशकात त्या शहरावर एक तपकिरी, डोळे झोंबवणारे धुके वारंवार पसरू लागले. कारखान्यांच्या धुराड्यांवर संशय होताच. पण आरी हागेन-स्मिट नावाच्या, जन्माने डच असलेल्या रसायनशास्त्रज्ञाने निराळीच गोष्ट दाखवून दिली. हे गृहस्थ तोवर अननसाला त्याचा स्वाद कशामुळे येतो ह्याचा अभ्यास करीत होते. हवेतले अत्यल्प प्रमाणातले पदार्थ वेगळे काढण्याची कला त्यांना अवगत होती आणि तीच इथे उपयोगी पडली. पेट्रोलसारख्या पदार्थांची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र आली आणि त्यांवर सूर्यप्रकाश पडला, की त्यांतून ओझोन आणि इतर दाहक पदार्थ तयार होतात, असे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केले. ताणून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या ह्या हवेत तडकतात, आणि त्या तडकण्यावरून ओझोनचे प्रमाण अजमावता येते, ही त्यांची युक्ती आजही कौतुक वाटावी अशी आहे. पुढे हिशेब झाला तेव्हा असे आढळले की, कोणतीही प्रतिबंधक योजना नसलेल्या गाडीतून जेवढा हायड्रोकार्बन हवेत जातो, त्याचा सुमारे एक पंचमांश भाग मागच्या नळीतून जातच नाही. तो टाकीतून आणि कार्बुरेटरमधून नुसता उडून जातो. म्हणून १९७० सालच्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात, आणि १९७१ पासून सबंध अमेरिकेत, ही वाफ अडवणे गाड्यांना सक्तीचे झाले.

आता ही वाफ अडवतात कशी ते पाहू. टाकीचे झाकण घट्ट असते. पेट्रोल तापून वाफ झाली म्हणजे ती एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. हा कोळसा चुलीतला नव्हे. लाकूड, नारळाची करवंटी अशा पदार्थांपासून विशेष प्रक्रियेने तयार केलेला हा कोळसा आतून इतका सच्छिद्र असतो की, त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ चार टेनिसकोर्टांएवढा. पेट्रोलच्या वाफेचे कण ह्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. परंतु कोणतेही कोठार कधी तरी भरतेच. ते रिकामे करण्यासाठी डब्याच्या एका तोंडातून बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, ती कोळशातून खेचायची, आणि तिच्याबरोबर सुटलेली वाफ इंजिनात नेऊन जाळायची. इंजिन चालू असताना त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. ही ओढच हे काम फुकट करते. मात्र ती केव्हा करू द्यायची आणि किती, हे ठरले पाहिजे. थंड इंजिनात किंवा नको त्या वेळी वाफ घुसली तर मिश्रण बिघडते. म्हणून डबा आणि मॅनिफोल्ड ह्यांच्यामध्ये आपली ही झडप बसवलेली असते. तिच्यात तारेचे एक वेटोळे असते. गाडीचा संगणक त्यात वीज सोडतो तेव्हा झडप उघडते. वीज बंद झाली की स्प्रिंग तिला मिटते. संगणक ही वीज एकसारखी सोडीत नाही, सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करतो, आणि चालू राहण्याचे प्रमाण कमीअधिक करून वाफेचे माप ठरवतो.

ह्यावरून झडपेच्या परीक्षेचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: वीज नसताना ती घट्ट मिटलेली असली पाहिजे, आणि वीज दिली की उघडली पाहिजे. बाकी सर्व तपशील ह्या वाक्याचाच विस्तार आहे.

ह्यावरूनच तिच्या बिघाडाचे दोन प्रकारही उघड होतात. एक, झडप उघडीच राहणे. अशी गाडी मालकाला स्वस्थ बसू देत नाही. उभ्या गाडीचे इंजिन अडखळत चालते. आणि ओळखण्याची मोठी खूण म्हणजे पेट्रोल भरून झाले की पंपावरच गाडी चटकन चालू होत नाही, कारण टाकीत पेट्रोल ओतताना दाबली गेलेली वाफ सरळ इंजिनात शिरून मिश्रण अतोनात दाट करते. मागे रांगेतली मंडळी हॉर्न वाजवू लागतात, आणि मालक दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो. दुसरा प्रकार, झडप मिटलेलीच राहणे. इथे मालकाची काहीच तक्रार नसते. गाडी सुरळीत चालते, इंजिनाचा आवाज बदलत नाही, वेग घटत नाही. फक्त कोळशाचा डबा रिकामा होत नाही. तो भरून जातो आणि पुढची सारी वाफ ताज्या हवेच्या तोंडातून उलट बाहेर पडते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला तर लागतो, पण त्या दिव्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष करण्याची आपली तयारी असते.

आमच्या मते ह्या दुसऱ्या प्रकाराचीच अधिक काळजी वाहिली पाहिजे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. आपण दर वर्षी जे पीयूसी प्रमाणपत्र घेतो, त्याच्या तपासणीत मागच्या नळीतल्या वायूंचीच मोजणी होते. टाकीतून उडणारी वाफ त्या यंत्राला दिसतच नाही. झडप कायमची मिटलेली, डबा तुडुंब भरलेला, आवारात वास दरवळतो आहे, आणि तरीही मालकाच्या हाती प्रमाणपत्र बिनचूक, अशी स्थिती अगदी संभवनीय आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण घनफळाने शेकडा १ हून अधिक नसावे अशी मर्यादा आहे. मर्यादा घालावी लागली ती बेंझीन मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारे आहे म्हणूनच. सोसायटीच्या बंदिस्त तळघरात पंचवीस-तीस गाड्या उभ्या राहतात आणि मुले तिथेच खेळतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही बाब नुसती वासाची राहत नाही.

नव्या नमुन्याच्या गाडीची वाफ मात्र अगदी काटेकोरपणे मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे, तिथे अशा तपासण्या चालतात. गाडी एका हवाबंद खोलीत ठेवायची. आधी गरम इंजिनाने तासभर, नंतर चोवीस तास खोलीचे तापमान हळूहळू वरखाली करीत. आणि खोलीत जमलेला हायड्रोकार्बन मोजायचा. तो सारा मिळून २ ग्रॅमच्या आत असला पाहिजे. ही पद्धत मूळची युरोपीय, आणि तिच्यातले तापमान २० अंशांपासून ३५ अंशांपर्यंत फिरते. ज्यांनी अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा मे महिना काढला आहे त्यांना ३५ अंश हा आकडा वाचून हसू आले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. तिकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वाफही त्या मानाने अधिक होते. म्हणजे जिथे झडपेने सर्वांत चोख काम करावे असा आपला प्रदेश आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. पहिली आणि सर्वांत स्वस्त परीक्षा झडपेची नव्हे, टाकीच्या झाकणाची. झाकणाच्या आतली रबरी कडी चिरलेली किंवा कडक झालेली असेल, किंवा झाकण पुरते फिरवलेले नसेल, तर वाफ तिथूनच जाते आणि दिवाही लागतो. हे पाहून झाल्यावर बॉनेट उघडावे. इंजिन थंड असताना चालू करून तसेच मंद चालू द्यावे. झडपेला दोन नळ्या येतात. एक मॅनिफोल्डकडून, दुसरी कोळशाच्या डब्याकडून. डब्याकडची नळी झडपेवरून अलगद काढावी आणि झडपेच्या त्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवावे. थंड इंजिनात संगणकाने झडप मिटलेली ठेवलेली असते. म्हणून बोटाला ओढ जाणवता कामा नये. जाणवली, तर विजेची जोडणी काढून पुन्हा बोट ठेवावे. तरीही ओढ असेल तर झडप उघडी अडकली आहे हे निश्चित; आणि जोडणी काढताच ओढ थांबली, तर झडप निर्दोष असून तिला नको तेव्हा वीज मिळते आहे, म्हणजे दोष तारेत किंवा संगणकात आहे. एका बोटाने एवढा निवाडा होतो! टर्बो बसवलेल्या इंजिनात मात्र नळ्यांची रचना अधिक गुंतागुंतीची असते, तिथे ह्या एकट्या परीक्षेवर विसंबू नये.

झडप मिटलेलीच राहते काय, हे पाहण्यासाठी ती गाडीतून काढावी लागते. काही मेकॅनिक नळीला तोंड लावून फुंकून पाहतात. ही सवय वाईट. पेट्रोलची वाफ छातीत घेण्याची काही गरज नाही. निर्वात मापक लावलेला हातपंप मिळतो, तो वापरावा. मॅनिफोल्डकडच्या तोंडाला पंप लावून काटा पाऱ्याच्या ३८० मिलिमीटरांपर्यंत आणावा आणि अर्धा मिनिट पाहावे. काटा ठाम राहिला तर झडप घट्ट मिटते आहे. मग तिला १२ व्होल्टची वीज क्षणभर द्यावी. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे आणि काटा शून्याकडे धावला पाहिजे. नुसत्या आवाजावर समाधान मानू नये. आतला खटका हलतो, आवाजही होतो, पण वाट कचऱ्याने बुजलेली असते, असे पुष्कळदा आढळते. काटा पडला तरच झडप उघडली. हे काम गाडीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत साचते, आणि बॅटरीच्या टोकाशी उडालेली एक ठिणगी तिला पुरते. तारा आधी झडपेला जोडाव्यात, बॅटरीचे टोक शेवटी, आणि मध्ये फ्यूज असावा.

वेटोळ्याची तपासणी मल्टिमीटरने होते. पुष्कळशा झडपांत २० ते ३० ओहमच्या आसपास रोध असतो. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतून घ्यावा. समजा २४ ओहम आहे, तर १२ व्होल्टला अर्धा अँपिअर प्रवाह वाहील, हे शाळेतले गणित. मीटर अनंत दाखवील तर तार आत तुटली. जवळजवळ शून्य दाखवील तर वेढे एकमेकांना चिकटले. इथे एक सावधगिरी हवी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे शेकडा ०.४ ने वाढतो. सकाळी २० अंशांना २४ ओहम दाखवणारे वेटोळे गरम इंजिनाशेजारी ८० अंशांना ३० च्या जवळ दाखवील. तो दोष नव्हे. उलट, थंडपणी निर्दोष दिसणारी तार तापल्यावर तुटल्यासारखी वागते, असाही प्रकार असतो. म्हणून तक्रार गरम गाडीची असेल तर मोजणीही गरमच घ्यावी. ओढ मोजणाऱ्यांनीही आपले गाव विसरू नये. समुद्रकिनारी मंद चालणारे निरोगी इंजिन पाऱ्याची साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर ओढ दाखवते. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे ती ५० मिलिमीटरांनी कमी भरेल, आणि महाबळेश्वरी शंभराहून अधिक कमी. मुंबईच्या आकड्यावरून महाबळेश्वरच्या इंजिनाला आजारी ठरवणे योग्य नव्हे.

झडप हातात आहे तोवर आणखी एक गोष्ट करावी, आणि आम्हांला ती सर्वांत मोलाची वाटते. झडप पांढऱ्या कागदावर हलकेच आपटावी. काळे कण पडले, तर ते कोळशाच्या डब्यातले आहेत. डबा आतून फुटला आहे, त्याचे कण झडपेच्या तोंडाशी अडकून तिला मिटू देत नाहीत. अशा वेळी नवी झडप बसवून उपयोग काय? तीही थोड्याच दिवसांत तशीच अडकेल, आणि दुकानदाराने खोटा माल दिला असे आपण म्हणू. डबा बिघडण्याचे एक कारण आपल्या हातचे आहे. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही, रुपयांचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून आणखी थोडे पेट्रोल ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. टाकी गच्च भरली की वाफेच्या वाटेने द्रवरूप पेट्रोलच डब्यात शिरते, आणि वाफेसाठी बनवलेला कोळसा त्यात भिजून निकामी होतो. पंचवीस रुपयांच्या गोळाबेरजेसाठी डबा घालवणे हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

झडप निर्दोष ठरली, तर तारांकडे वळावे. चावी फिरवल्यावर जोडणीच्या एका टोकाशी बॅटरीइतका दाब मिळाला पाहिजे. दुसरे टोक संगणक जमिनीशी जोडतो-तोडतो. दाब नसेल तर आधी फ्यूज पाहावा, आणि मग उंदीर. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी तारा कुरतडणे ही आपल्या शहरांतली नेहमीची गोष्ट आहे, आणि झडपेची बारीक तार त्यांच्या दातांना सोयीची पडते.

संगणक वाचण्याचे उपकरण हल्ली लहानसहान गॅरेजांतही आले आहे. त्यावर पी०४४१ असा अंक उमटला की ‘वाफेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही’ असा त्याचा अर्थ. पी०४४३ म्हणजे झडपेच्या विजेच्या मार्गात दोष. पी०४९६ म्हणजे नको तेव्हा वाफ येते आहे. पुष्कळ ठिकाणी हा अंक वाचताच झडप बदलतात. पण अंक लक्षण सांगतो, अपराधी सांगत नाही. प्रवाह अपेक्षेप्रमाणे नसण्याला झडप कारण असेल, चिरलेली नळी असेल, बुजलेला डबा असेल. वर सांगितलेल्या परीक्षांना फारसा वेळ लागत नाही. तेव्हा मेकॅनिकला एवढेच विचारावे, की झडप वीज न देता आणि वीज देऊन, दोन्ही प्रकारे तपासली का? चांगला मेकॅनिक ह्या प्रश्नाने रागावत नाही.

दुरुस्तीनंतर अंक पुसला म्हणजे दिवा लगेच विझतो. परंतु तेवढ्यावरून काम झाले असे समजू नये. ज्या गाड्यांत संगणक ही व्यवस्था स्वतः तपासतो, तिथे तो ती परीक्षा साधारणपणे रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर आणि टाकी ना फार भरलेली ना फार रिकामी असतानाच घेतो. चार-सहा दिवस टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवून, सकाळी गाडी काढून नेहमीसारखी चालवावी. मधे अंक पुन्हा पुसू नये, कारण प्रत्येक पुसण्याबरोबर त्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.